छतावरची टिटवी

गुहागरला जाणारी सकाळची एस.टी. आमच्या वाडीच्या शाळेपाशी थांबायची. त्र्याऐंशी साली मी गाव सोडलं, त्या दिवशी शाळेच्या पायरीवर अर्धी वाडी जमली होती. बाबा माझी पेटी टपावर चढवत होते, कंडक्टर घाई करत होता, आणि मी खिडकीपाशी बसून डोळे कोरडे ठेवायची खटपट करत होते. तेवढ्यात आई गर्दीतून पुढे आली आणि खिडकीच्या गजांतून तिने एक पुरचुंडी आत कोंबली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली.

"ओवा हाय, बाळंतशेपा हाय, वावडिंग न् धूप. ठेव गो. तिकडं मिळायचं नाय. लागंल तवा लागंल."

सगळ्या गाडीने ऐकलं. मागच्या बाकावरच्या बायका हसल्या. माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते, त्यातले चार महिने नवरा कॅनडात आणि मी गावी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निरोपाच्या वेळी मी आईकडे रागाने बघितलं, हे मला आजही लख्ख आठवतं. ती पुरचुंडी मी मुंबईला दादाच्या खोलीवर काढून ठेवली. विमानात वजन जास्त होतंय, असं त्याला सांगितलं. खोटं होतं ते. मला लाज वाटत होती.

तुम्ही जे गावी आहात त्यांना माझी आई कोण ते सांगायला नको. पण इकडे आलेल्यांसाठी सांगते. वेळणेश्वरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आई सुईण नव्हे. सुईणीचं काम संपलं की आईचं सुरू व्हायचं. सव्वा महिना रोज सकाळी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं आणि मग धुरी द्यायची. पाय लांब करून ती बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायची, कढत पाण्याने शेकायची, मग शेगडीत निखारे फुलवून त्यावर चिमटी चिमटी ओवा न् शेपा टाकायची. त्या धुरावर वेताची डालगी पालथी घालून तिच्यावर बाळाची दुपटी आणि झबली पसरायची. पावसाळ्यात कपडे वाळायचे नाहीत, कुबट वास यायचा. आईच्या धुरीवरून उतरलेलं दुपटं मात्र ऊबदार असायचं आणि त्याला जो वास यायचा, त्यात आमच्या वाडीतली दोन पिढ्यांची पोरं झोपली आहेत. याचं तिने कधी कोणाकडून काही घेतलं नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, शेत बाबांच्या नावावर, घर आजोबांच्या नावावर. तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. धुरी द्यावी तर तिनेच, असं पाच वाड्या म्हणायच्या.

बाळाला धूर बरा नाही, असं इथले डॉक्टर म्हणतात. म्हणोत. त्यांचं खरंही असेल. मला तो वाद आज घालायचा नाही. मला दुसऱ्याच गोष्टीचा राग आला आहे.

हा राग पुन्हा उफाळून यायला कारण झालं ते परवाचं जेवण. टोरांटोत आपली माणसं एकत्र जमली की तासाभरात गाडी स्मोक अलार्मवर येतेच. कोणी फोडणी केली न् बोंब झाली, कोणी पापड भाजला न् आगीचा बंब आला. प्रत्येकाकडे एक किस्सा आणि प्रत्येक किश्श्यावर हशा. परवाही असेच सगळे पोट धरधरून हसत होते. मला कोणीतरी म्हणालं, "तुमच्याकडेही झालं असेलच की काहीतरी!" मी उठून भांडी घासायला गेले. मला त्या यंत्रावर हसता येत नाही. का येत नाही, ते एकदा लिहूनच टाकते.

आमचे हे एका कारखान्यात लेथवर होते. आम्हाला घर मिळालं ते एका मोठ्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकाचा कोपरा, मधे दोन पावलांची बोळ आणि त्या बोळीच्या छताला ती पांढरी तबकडी. पहिल्याच आठवड्यात कळलं की हिचं नाक फार तिखट आहे. जिऱ्याची फोडणी केली, बोंबलली. चपाती फुगली, बोंबलली. सुकट भाजायचं तर मी स्वप्नातसुद्धा आणलं नाही. अंघोळ करून दार उघडलं की वाफेलाही बोंबलायची. एकदा मी नुसता केर काढत होते, तर केरसुणीच्या धुळीला बोंबलली! मी हातात टॉवेल घेऊन तिच्याखाली नाचायचे आणि हे खुर्चीवर चढून पुठ्ठ्याने वारा घालायचे.

इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला सगळे सुपर म्हणत. त्याला आम्ही चारदा सांगितलं की यंत्र बिघडलेलं आहे, बघा. चारही वेळा तो दारातच उभा राहिला आणि नाक वर करून आमच्या घराचा वास घेतला. "यंत्र ठीक आहे," तो म्हणायचा, "तुमचा स्वयंपाक जरा..." पुढचं वाक्य तो हाताने पूर्ण करायचा. आतला सेल काढून ठेवायला मनाई होती, काढलेला सापडला तर घर सोडावं लागेल असं भाडेकरारात लिहिलेलं. मग आम्हीच गप्प झालो. मी फोडणी बारीक आचेवर करायला लागले, मग करायचीच सोडली. दोन वर्षं आम्ही त्या घरात उकडलेलं खाल्लं. मला संताप येतो तो याचाही, की आम्ही त्याचं म्हणणं खरं मानलं. आमच्या जेवणातच काहीतरी खोट आहे, असं मला मनातून वाटायला लागलं होतं.

पंच्याऐंशीच्या भाद्रपदात आई आली. मला नववा लागला होता. माझी आई, जिने चिपळूणच्या पलीकडचं काही बघितलं नव्हतं, ती एकटी विमानाने आली. दादाने तिच्या गळ्यात नावपत्त्याचा कागद अडकवला होता. घरात आल्यावर तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. आधी पिशवी उघडली आणि एक फडक्याची पुरचुंडी माझ्या पुढ्यात ठेवली. मी ओळखली. तेच लुगडं, तीच गाठ.

"मुंबईत इसारलीवतीस," आई म्हणाली. एवढंच.

सई जन्मली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. आईने बाथटबमध्ये प्लास्टिकचं घमेलं पालथं घालून त्यावर बैठक मारली, पाय लांब केले आणि सईला न्हाऊ घातलं. सातव्या मजल्यावर, त्या गुळगुळीत पांढऱ्या टबात, ती बसली होती मात्र थेट आमच्या मागीलदारी बसल्यासारखी. मग तिने विजेच्या चुलीवर तवा तापवला आणि ओव्याची पहिली चिमूट टाकली.

बोळीतून किंकाळी उठली. सई दचकून आखडली आणि तिने जो टाहो फोडला तो अर्धा तास थांबला नाही. आईने तवा तसाच सिंकमध्ये फेकला आणि सईला पोटाशी धरून ती कोपऱ्यात उभी राहिली. शेवटी आवाज थांबला तेव्हा तिने छताकडे बघून विचारलं, "ती काय टिटवी हाय?"

टिटवी घरावरून ओरडत गेली की आमच्याकडे बायका बोटं मोडतात. आई त्या तबकडीला शेवटपर्यंत टिटवीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दाराखालून कागद आला. तक्रार झाली आहे, पहिली ताकीद. आईने खिडकी उघडून, चिमूट निम्मी करून पुन्हा करून बघितलं. दुसरा कागद आला. त्यावर लिहिलं होतं की आणखी एकदा असं झालं तर घर खाली करावं लागेल. बाहेर पहिला बर्फ पडायला लागला होता, मांडीवर वीस दिवसांचं मूल होतं, आणि ह्यांच्या कारखान्यात माणसं कमी करायचं चाललं होतं. अशा वेळी दुसरं घर कोण देणार? ह्यांनी आईला समजावून सांगितलं, अगदी हळू आवाजात. आई म्हणाली, "बरां." पुरचुंडी बांधून तिने पिशवीत ठेवली.

त्यानंतर ती सईला न्हाऊ घालायची आणि मग हात मांडीवर ठेवून नुसती बसायची. मी तिला माझ्या आयुष्यात रिकामी बसलेली पाहिली ती तेव्हाच.

मग आठवड्याभराने एक सकाळ आली. हे कामावर गेले होते, सई दूध पिऊन झोपली होती आणि तिच्याबरोबर माझाही डोळा लागला होता. टिटवी ओरडली. मी धडपडत उठले. बोळीत आले. आई घरात नव्हती. मी टॉवेल हलवत राहिले, सई रडत राहिली आणि दारावर थाप पडली. दारात सुपर. आणि त्याच्या मागून, लिफ्टमधून, आई. अंगावर लुगडं, त्यावर ह्यांचं जाडं जाकीट, पायांत मोजे आणि कॅनव्हासचे बूट. हातात सईच्या दुपट्यांची चळत. आणि तिच्या अंगाला, त्या दुपट्यांना धुराचा वास येत होता. ओव्याचा, शेपांचा. ओळखायला मला क्षणही लागला नाही.

सुपरने नाक वर केलं आणि माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर मी जे बोलले ते मी त्या माणसासमोर बोलले. त्याला मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. मी आईला म्हणाले, "तुला एकदा सांगून कळत नाही? घरात पेटवलंस आणि लपवायला बाहेर गेलीस? आम्हाला रस्त्यावर आणायचंय तुला? हे वेळणेश्वर नाही! तुझी ती घाण धुरी इथे कोणाला नकोय!"

घाण. हा शब्द मी वापरला. सुपर जे दोन वर्षं हाताने दाखवत होता, ते मी तोंडाने बोलले.

आईने दुपटी पलंगावर ठेवली. जाकीट काढून खुंटीला अडकवलं. "टिटवी माझ्यापायी नाय वरडली गो," ती म्हणाली. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. ह्यांनी संध्याकाळी सुपरच्या हातापाया पडून, कारखान्यातल्या मुकादमाची चिठ्ठी दाखवून आमचं घर वाचवलं.

आई सहा महिने राहणार होती. सव्वा महिना पुरा झाला त्या दिवशी म्हणाली, "आता जातंय मी. भाताची झोडणी राहिलीय." झोडणी दिवाळीआधीच उरकते, हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. आम्ही दोघींनी ती झोडणी खरी मानली आणि पंधरा दिवसांत ती गेली.

आता पुढचं ऐका, आणि मग हसायचं असेल तर हसा.

आई गेल्यावर महिन्याभराने समोरच्या घरातली म्हातारी बाई मला लिफ्टमध्ये भेटली. तक्रारी हिनेच केल्या होत्या, असा मला संशय होता. ती सईकडे बघून हसली आणि म्हणाली, "तुझी आई गेली का? मी तिला रोज सकाळी माझ्या खिडकीतून बघायचे. त्या थंडीत खाली बार्बेक्यूपाशी उभी राहून ती काय करायची गं?"

आमच्या इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांच्या पलीकडे, भाडेकरूंसाठी मांस भाजायची एक लोखंडी शेगडी होती. उन्हाळ्यात रविवारी तिथे असा धूर व्हायचा की सातव्या मजल्यावर आमचे डोळे चुरचुरायचे. त्याच्याबद्दल कोणाच्याही दाराखालून कधी कागद गेला नाही. तो धूर सुट्टीचा आणि आमचा धूर तक्रारीचा! आईने ती शेगडी खिडकीतून हेरली होती. उन्हाळ्यात भाडेकरूंनी टाकून दिलेला कोळसा पेटवायला, आम्ही मायलेकी झोपलेल्या असताना, ती रोज खाली जायची. दुपट्यांना येणारा वास मला पहिल्या दोन धुऱ्यांचाच राहिलेला वाटला होता. डालगी नव्हती, म्हणून एकेक दुपटं दोन्ही हातांनी धुरावर धरून उभी राहायची. बर्फात. आमच्यावर ताकीद येऊ नये म्हणून. घरात तिने त्या दिवशी काडीसुद्धा ओढली नव्हती.

मी सईला घेऊन तशीच त्या शेगडीपाशी गेले.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, मी सईला डॉक्टरकडून घेऊन आले, कुलूप उघडलं, तर बंद घरात टिटवी बोंबलत होती. चूल थंड होती, वाफ नव्हती, केर नव्हता, घरात माणूस नव्हतं. यावेळी मीच सुपरला खाली जाऊन घेऊन आले. अंगावरचा कोट न काढता त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "घे वास. घे ना! आता कोण स्वयंपाक करतंय ते सांग." तो शिडी घेऊन आला. तबकडी फिरवून काढली, उघडली. आत कोळ्याचं जाळं होतं, धुळीने भरलेलं, आणि त्यात दोन-तीन मेलेली चिलटं. "अरे, हे फार जुनं आहे," तो म्हणाला. "हे कधीच बदलायला हवं होतं." खिशातून नवीन तबकडी काढून त्याने ती लावली. चार मिनिटं लागली असतील. चार मिनिटं! तेवढं काम त्याने दोन वर्षं केलं नाही, कारण आमच्या घरात यायच्या आधीच त्याला सगळं कळलेलं होतं. जाताना तो "सॉरी" म्हणाला, शिडी भिंतीला घासली म्हणून.

त्या रात्री मी मोहरीची फोडणी केली. नवीन टिटवी हू की चू करेना. मी चुलीपाशी बसून हमसून हमसून रडले.

माफी मागायची कशी? आईला पत्र वाचता येत नाही. जे लिहीन ते वहिनी मोठ्याने वाचणार, आणि ओटीवर बसलेली चार माणसं ऐकणार. आईने गावात काय सांगितलं होतं कोण जाणे. मी आपली खुशालीच लिहीत राहिले. मग वहिनीचंच पत्र आलं. खाली, कोपऱ्यात तिने लिहिलं होतं, "आई हल्ली न्हाऊ घालायला जातात, पण धुरी देत नाहीत. कोणी विचारलं तर सांगतात, धूर बाळांना बाधतो, तिकडं मोठी मोठी माणसं सांगतात. तुम्ही काही बोललात का?"

मी ते पत्र किती दिवस ह्यांनाही दाखवलं नाही.

गेल्या मे महिन्यात तिकिटाची सोय झाली आणि मी सईला घेऊन घरी गेले. वहिनीला दुसरा मुलगा झालेला, नुकताच नववा दिवस. सकाळी आईने त्याला मागीलदारी न्हाऊ घातलं, गुंडाळलं आणि हात पुसून ती उठली. शेगडी माळ्यावर होती. डालगीत वहिनीने कांदे भरून ठेवले होते.

माझी वाक्यं मी विमानात जुळवलेली होती. ती एकही आठवली नाही. "आई, तू खाली जायचीस ते मला कळलं. यंत्रच बिघडलेलं होतं," मी म्हणाले. "मी तुला नको ते बोलले. परक्या माणसापुढे बोलले."

आई पदराने कपाळ पुसत होती. "तवाच सांगितलंवतां मी तुला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला, आणि मला बरं वाटलं. "माझी धुरी घाण? ज्या धुरीत तू वाढलीस ती घाण? दुसरा कोण बोलता तर मी त्याची जीभ हासडली असती!" मग बाळाचं दुपटं सारखं करत, "दमलीवतीस गो तू. पण बोललीस ती बोललीस."

मी माळ्यावरून शेगडी उतरवली. कांदे सुपात ओतले, डालगी झटकली. चुलीतले निखारे काढले आणि मूठभर ओवा घेतला.

"अगो, येवढा?" आई ओरडली. "पोराला धुरी देतंस का मच्छर मारतंस? सर बाजूला." तिने माझ्या मुठीतला ओवा काढून घेतला, त्यातली चिमूटभर निखाऱ्यांवर टाकली आणि बाकीचा माझ्याच ओच्यात परत ओतला. ओवा तडतडला. धूर उठला, निळसर, आणि सरळ वर गेला.

आणि आईची मान धुराबरोबर वर गेली. कौलांकडे. हातातलं दुपटं तसंच धरून ती थांबली, श्वास रोखून, बाळाच्या कानावर दुसरा हात ठेवून. मीही वर बघत होते. वर काही नव्हतं. वासे होते, कौलं होती आणि कौलांच्या फटींतून धूर आपला नेहमीसारखा बाहेर चालला होता.

गाव सोडलेल्यांनो, घर म्हणजे काय असं तुम्ही मला जेवणाच्या पंगतीत विचारता आणि मग कोणीतरी डोळे पुसतं. मला इतकंच कळलं आहे, की धूर बघून ज्याची मान वर जात नाही त्याचं घर अजून त्याचं आहे. माझी जाते, त्याचं मला फार वाटत नाही, मी माझ्या पायाने गेले. पण आई तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या स्वतःच्या कौलांखाली वर बघते, आणि ते मी केलं आहे.